विजेंदर सिंग : जयपूरमध्ये अपराजित, तरीही जागतिक किताबापासून दूर का?

जयपूर : येथील सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये २३ डिसेंबर २०१७ रोजी रात्री दहाव्या फेरीची घंटा वाजली, तेव्हा निकालाबाबत फारशी शंका उरली नव्हती. घानाच्या अर्नेस्ट अमुझूविरुद्ध तिन्ही गुणपंचांनी १००-९० असा एकमुखी कौल विजेंदर सिंगच्या बाजूने दिला. जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचे, म्हणजेच डब्ल्यूबीओचे, आशिया-पॅसिफिक आणि ओरिएंटल असे सुपर मिडलवेट गटातील दोन्ही किताब त्याने राखले. व्यावसायिक मुष्टियुद्धातील त्याची ही दहावी लढत होती आणि विजयही दहावाच होता.

त्या रात्री विजेंदरचे वय ३२ वर्षे होते. ऑलिम्पिक पदक, जागतिक स्पर्धेतील पदक, आशियाई सुवर्ण आणि आता दोन व्यावसायिक किताब, अशी मालिका पाहता जागतिक विजेतेपदाची लढत ही पुढची स्वाभाविक पायरी वाटत होती. ती लढत कधीच झाली नाही. जयपूरनंतर पुन्हा रिंगणात उतरायला त्याला जवळपास १९ महिने लागले आणि त्यापुढच्या पाच वर्षांत मिळून त्याच्या अवघ्या चार लढती झाल्या.

हे असे का घडले, याचे उत्तर त्याच्या ठोशांच्या ताकदीत सापडत नाही. ते सापडते दिनदर्शिकेत. हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध हे नावाने एक असले, तरी व्यवहारात दोन वेगळे खेळ आहेत. एकातून दुसऱ्यात जाण्याचे वय ठरलेले असते आणि भारतातील व्यवस्थेत ते वय हमखास उलटून जात असे.

१००-९० चा अर्थ

जयपूरच्या गुणफलकावरून या दोन खेळांमधील अंतर समजून घेता येते. व्यावसायिक लढतीत प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजली जाते. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९ गुण मिळतात. प्रतिस्पर्धी खाली कोसळल्यास हे अंतर वाढते. दहा फेऱ्यांनंतर १००-९० असा गुणफलक लागतो, याचा अर्थ विजेत्याने एकही फेरी गमावलेली नाही. जयपूरमध्ये तिन्ही गुणपंचांचे याबाबत एकमत होते.

विजेंदरने ज्या पद्धतीत नाव कमावले, ती वेगळी होती. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स याला अंतिम लढतीत वादग्रस्तरीत्या पराभूत ठरवण्यात आले. त्यानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून संगणकीय गुणमापन आले. ठोसा लागल्याचे दिसताच पाच गुणपंचांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली, तरच तो गुण धरला जाई. या पद्धतीत ठोशाच्या जोरापेक्षा तो स्वच्छ आणि स्पष्ट दिसण्याला महत्त्व होते. दोन-तीन गुणांची आघाडी घेऊन प्रतिस्पर्ध्याला अंतरावर ठेवणे, हे तेव्हाचे शहाणपण मानले जाई. २०१३ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली.

वेळेचा फरक तर याहून मोठा आहे. बीजिंग ऑलिम्पिकमधील लढत दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची, म्हणजे एकूण आठ मिनिटांची होती. जयपूरची लढत तीन मिनिटांच्या दहा फेऱ्यांची, म्हणजे ३० मिनिटांची होती. हौशी खेळाडू पंधरवड्यात चार-पाच लढती लढतो. व्यावसायिक खेळाडू एका लढतीसाठी दोन-तीन महिने तयारी करतो. पहिल्या प्रकारात वेग आणि चपळाई लागते. दुसऱ्यात अंगावर ठोसे झेलण्याची, दम राखण्याची आणि सातव्या-आठव्या फेरीतही विचार शाबूत ठेवण्याची सवय लागते. ही सवय व्हायला वर्षे जातात.

भिवानी ते बीजिंग

विजेंदरचा जन्म २९ ऑक्टोबर १९८५ रोजी हरियाणातील भिवानीजवळच्या कालुवास गावात झाला. वडील हरियाणा परिवहनच्या बसचे चालक होते. थोरला भाऊ मनोज मुष्टियुद्धाच्या जोरावर सैन्यात दाखल झाला. खेळातून सरकारी नोकरी मिळू शकते, हा धडा घरातच मिळाला होता. १९६६ आणि १९७० च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत हेवीवेट गटाचे सुवर्ण जिंकणारे हवा सिंग यांच्यामुळे भिवानीत या खेळाची मुळे रुजली होती. पुढे प्रशिक्षक जगदीश सिंग यांच्या हाताखाली विजेंदरची पिढी घडली.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्याच लढतीत पराभूत झाला. २००६ मध्ये मेलबर्न येथील राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि दोहा येथील आशियाई स्पर्धेत कांस्य त्याने मिळवले. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक गुरबक्षसिंग संधू आणि क्युबाचे बी. आय. फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघ याच काळात आकार घेत होता.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताचे पाच मुष्टियोद्धे गेले. त्यातील अखिल कुमार, जितेंदर कुमार आणि विजेंदर हे तिघे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. अखिल आणि जितेंदर तेथे थांबले. विजेंदरने इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४ असे नमवून पदक निश्चित केले. उपांत्य फेरीत क्युबाच्या एमिलियो कोरेआने त्याला ८-५ असे हरवले. तरीही १९४८ पासून ऑलिम्पिक मुष्टियुद्धात उतरणाऱ्या भारताला ६० वर्षांनी पहिले पदक मिळाले होते.

पुढच्या वर्षी इटलीतील मिलान येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्याने आणखी एक कांस्य जिंकले. जागतिक स्पर्धेत पदक मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष मुष्टियोद्धा ठरला आणि आंतरराष्ट्रीय क्रमवारीत ७५ किलो गटात अव्वल स्थानी पोहोचला. त्याच वर्षी मेरी कोम आणि कुस्तीपटू सुशील कुमार यांच्यासह त्याला खेलरत्न पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. अंतिम फेरीत त्याने उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोएव्हला ७-० असे निष्प्रभ केले. मिलानमध्ये उपांत्य फेरीत त्याला हरवणारा हाच अतोएव्ह होता. त्या वेळी विजेंदर २५ वर्षांचा होता.

इटलीतील दोन वाटा

पंचविशीत व्यावसायिक व्हावे की हौशी राहावे, हा प्रश्न जगभरातील ऑलिम्पिक पदकविजेत्यांपुढे येतो. इटलीच्या दोन विजेत्यांनी त्याची दोन भिन्न उत्तरे दिली.

नीनो बेनवेनुती यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये वेल्टरवेट गटाचे सुवर्ण जिंकले आणि काही महिन्यांतच, १९६१ च्या प्रारंभी, वयाच्या २२ व्या वर्षी ते व्यावसायिक झाले. १९६५ मध्ये त्यांनी पहिला जागतिक किताब मिळवला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथला हरवून ते मिडलवेटचे जागतिक विजेते बनले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ऑलिम्पिक आणि व्यावसायिक अशा दोन्ही शिखरांवर पोहोचलेल्या मोजक्या मुष्टियोद्ध्यांपैकी एक म्हणून त्यांचे स्मरण करण्यात आले.

रॉबेर्तो कामारेले याने दुसरी वाट धरली. इटलीच्या पोलीस दलाच्या क्रीडा पथकातून खेळणाऱ्या या सुपर हेवीवेट मुष्टियोद्ध्याने २००४ मध्ये ऑलिम्पिक कांस्य, २००८ मध्ये सुवर्ण आणि २०१२ मध्ये रौप्य जिंकले. २००७ आणि २००९ असा दोन वेळा तो हौशी गटाचा जगज्जेता झाला. त्यातील दुसरे सुवर्ण त्याने मिलानच्या त्याच स्पर्धेत जिंकले, जिथे विजेंदरला कांस्य मिळाले होते. लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत त्याची आणि ब्रिटनच्या अँथनी जोशुआची १८-१८ अशी बरोबरी झाली आणि फेरमोजणीच्या निकषावर जोशुआ विजयी ठरला. तेव्हा जोशुआ २२ वर्षांचा, तर कामारेले ३२ वर्षांचा होता. जोशुआ पुढच्या वर्षी व्यावसायिक झाला आणि २०१६ मध्ये जागतिक विजेता बनला. कामारेले हौशी राहूनच निवृत्त झाला.

विजेंदरची परिस्थिती कामारेलेसारखी होती. तोही पोलीस दलात होता आणि हरियाणा पोलिसांत उपअधीक्षकपदापर्यंत पोहोचला होता. सुरक्षित नोकरी, राष्ट्रीय संघातील स्थान आणि पुढच्या ऑलिम्पिकची आशा, हे सारे हौशी खेळातच होते. भारतात व्यावसायिक मुष्टियुद्धाची बाजारपेठ जवळजवळ नव्हती. त्या काळच्या नियमांनुसार खासगी प्रवर्तकाशी करार करणाऱ्याला ऑलिम्पिकचे दारही बंद होत असे. अशा स्थितीत २५ व्या वर्षी ती वाट सोडणे व्यवहाराला धरून झाले नसते. त्याने कामारेलेच्या वाटेवर आणखी पाच वर्षे काढली आणि मग बेनवेनुतींच्या वाटेवर वळण घेतले.

हातून गेलेली वर्षे

ही पाच वर्षे फारशी फलदायी ठरली नाहीत. लंडन ऑलिम्पिकमध्ये कझाकस्तानचा दानाबेक सुझानोव्ह आणि अमेरिकेचा टेरेल गौशा यांना नमवल्यावर उपांत्यपूर्व फेरीत अतोएव्हने त्याला १७-१३ असे हरवले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय मुष्टियुद्ध महासंघावर आंतरराष्ट्रीय महासंघाने निलंबनाची कारवाई केली आणि भारतीय खेळाडूंचा कारभार दीर्घकाळ अधांतरी राहिला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतील रौप्य हे हौशी कारकिर्दीतील त्याचे शेवटचे मोठे यश ठरले.

२९ जून २०१५ रोजी लंडनमध्ये त्याने ब्रिटिश प्रवर्तक फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार केला. १० ऑक्टोबर २०१५ रोजी मँचेस्टरमध्ये त्याने सॉनी व्हायटिंगला तिसऱ्या फेरीत पराभूत करून पदार्पण केले. तिशी पूर्ण व्हायला तेव्हा १९ दिवस बाकी होते.

या उशिराची किंमत समजण्यासाठी बीजिंगमधील त्याच्याच गटाकडे पाहिले पाहिजे. ७५ किलो गटातील सुवर्णविजेता, ब्रिटनचा जेम्स डिगेल, २००९ मध्ये व्यावसायिक झाला आणि मे २०१५ मध्ये त्याने आयबीएफचा सुपर मिडलवेट जागतिक किताब जिंकला. गांबियाकडून खेळणाऱ्या बाडू जॅकला विजेंदरने बीजिंगच्या पहिल्या लढतीत १३-२ असे सहज हरवले होते. जॅकही २००९ मध्येच व्यावसायिक झाला. एप्रिल २०१५ मध्ये तो डब्ल्यूबीसीचा सुपर मिडलवेट जगज्जेता झाला आणि त्यानंतर आणखी वरच्या वजनी गटांतही त्याने किताब मिळवले. थोडक्यात, विजेंदरने करारावर सही केली त्यापूर्वीच बीजिंगच्या त्याच्या गटातील दोघे त्याच सुपर मिडलवेट गटात जागतिक विजेते झाले होते.

उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झालेल्या गोंगोराने पुढे आयबीओ संघटनेचा किताब मिळवला. लंडनमध्ये विजेंदरकडून एका गुणाने हरलेल्या गौशाला २०१७ मध्ये जागतिक किताबासाठी लढण्याची संधी मिळाली. ती लढत तो हरला, पण संधी मिळाली. हे सारे प्रतिस्पर्धी पंचविशीच्या आसपास नव्या खेळात शिरले आणि सहा-सात वर्षांच्या शिकाऊपणानंतर शिखरापर्यंत गेले. विजेंदरजवळ सहा-सात वर्षे उरलीच नव्हती.

व्यावसायिक वाट धरली म्हणजे सारे साधतेच, असेही नाही. बीजिंगमध्ये विजेंदरसोबत दुसरे कांस्य जिंकलेला आयर्लंडचा डॅरेन सदरलँड व्यावसायिक झाला, चारही लढती जिंकला आणि सप्टेंबर २००९ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी त्याचे अकाली निधन झाले. रौप्यविजेत्या कोरेआपुढे हा पर्यायच नव्हता, कारण क्युबाने १९६० च्या दशकातच व्यावसायिक खेळावर बंदी घातली होती.

पट्ट्यांची उतरंड

विजेंदरची व्यावसायिक सुरुवात वेगवान होती. ब्रिटन आणि आयर्लंडमधील पहिल्या सहाही लढती त्याने निर्धारित फेऱ्या पूर्ण होण्यापूर्वी जिंकल्या. १६ जुलै २०१६ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियाच्या केरी होपला दहा फेऱ्यांत हरवून त्याने डब्ल्यूबीओ आशिया-पॅसिफिक किताब मिळवला. डिसेंबर २०१६ मध्ये टांझानियाच्या फ्रान्सिस चेकाला त्याने तिसऱ्या फेरीत गारद केले.

५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीविरुद्ध मात्र त्याला झगडावे लागले. ९६-९३, ९५-९४, ९५-९४ अशा निसटत्या फरकाने त्याने ओरिएंटल किताब जिंकला. डोकलामचा तणाव शिगेला पोहोचलेला असताना, सीमेवर शांतता राहावी म्हणून हा पट्टा प्रतिस्पर्ध्याला परत देण्याची तयारी त्याने रिंगणातच बोलून दाखवली. याच कार्यक्रमात बीजिंगचे त्याचे सहकारी अखिल कुमार आणि जितेंदर कुमार यांनी व्यावसायिक पदार्पण केले. अखिल तेव्हा ३६ वर्षांचा होता. एका संपूर्ण पिढीसाठी हे दार किती उशिरा उघडले, हे मुंबईच्या त्या रात्रीने दाखवून दिले.

या किताबांचे नेमके मोल काय, याबाबत प्रेक्षकांमध्ये बराच गोंधळ असतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात एकच सर्वोच्च संस्था नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संस्थांचे किताब प्रमुख मानले जातात. प्रत्येक संस्थेचा प्रत्येक वजनी गटात सहसा एक मुख्य जागतिक किताब असतो आणि त्याखाली खंड किंवा विभागनिहाय किताब असतात. आशिया-पॅसिफिक आणि ओरिएंटल हे असे विभागीय किताब होत. त्यांचा मुख्य उपयोग जागतिक क्रमवारीत स्थान मिळवण्यासाठी असतो, कारण जागतिक विजेत्याला आव्हान देण्यासाठी पहिल्या १५ जणांत असावे लागते.

विजेंदर जयपूरमध्ये लढला तेव्हा डब्ल्यूबीओचा सुपर मिडलवेट जागतिक विजेता मेक्सिकोचा गिल्बर्टो रामिरेस होता. जयपूरचे दोन पट्टे आणि रामिरेसचा एक पट्टा यांच्यामध्ये क्रमवारीतील बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या आणखी काही लढती होत्या. त्या लढती मिळवण्यासाठी प्रवर्तक, प्रक्षेपण करार आणि सातत्य लागते. मुष्टियोद्ध्याच्या हाती यातले फार थोडे असते.

जयपूरनंतर

ऑक्टोबर २०१५ ते डिसेंबर २०१७ या २६ महिन्यांत विजेंदरने दहा लढती लढल्या. २०१८ हे वर्ष एकाही लढतीविना गेले. त्या वर्षाच्या अखेरीस त्याने अमेरिकेतील बॉब अरम यांच्या टॉप रँक कंपनीशी करार केला. अमेरिकेतील पदार्पण सरावातील दुखापतीमुळे लांबले. अखेर जुलै २०१९ मध्ये न्यूअर्क येथे माइक स्नायडरला त्याने चौथ्या फेरीत हरवले. मधल्या काळात त्याने दक्षिण दिल्लीतून काँग्रेसच्या उमेदवारीवर लोकसभेची निवडणूक लढवली आणि त्यात तो पराभूत झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत घानाच्या चार्ल्स अडामूवर विजय मिळवून त्याने सलग बारावा विजय नोंदवला. त्यानंतर करोनाची साथ आली.

१९ मार्च २०२१ रोजी पणजीत मांडवी नदीवरील 'मॅजेस्टिक प्राइड' या कॅसिनो जहाजाच्या छतावर उभारलेल्या रिंगणात तो रशियाच्या आर्टिश लोप्सानसमोर उभा राहिला. लोप्सानचा अनुभव तुटपुंजा होता, परंतु तो सुमारे नऊ वर्षांनी लहान आणि बराच उंच होता. सोळा महिन्यांच्या खंडानंतर उतरलेल्या ३५ वर्षीय विजेंदरला त्याच्या लांब हातांचे कोडे उलगडले नाही. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. तो विजेंदरचा पहिला व्यावसायिक पराभव होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूर येथे घानाच्या एलियासू सुलीला दुसऱ्याच फेरीत नॉकआउट करून त्याने पुनरागमन केले. त्या विजयाने त्याचा आकडा १४ लढती, १३ विजय आणि एक पराभव असा झाला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केल्यामुळे त्याचे नाव चर्चेत आले.

पुढच्यांसाठी काय उरले?

१३ विजय आणि एक पराभव हा कोणत्याही मुष्टियोद्ध्यासाठी सन्मानाचा आकडा आहे. त्या १४ लढतींमध्ये जागतिक विजेता किंवा त्याच्या थेट आव्हानवीरांपैकी कोणी नव्हता, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य केल्यावरच या कारकिर्दीचे यथार्थ मोजमाप होते. दिल्ली, मुंबई आणि जयपूरमध्ये तिकीट काढून मुष्टियुद्ध पाहणारा प्रेक्षक आहे, हे विजेंदरने सिद्ध केले. त्या प्रेक्षकापर्यंत वर्षातून तीन-चार लढती सातत्याने पोहोचवणारी व्यवस्था मात्र त्याच्याभोवती टिकली नाही.

बदलाची चिन्हे वयाच्या रकान्यात दिसू लागली आहेत. हरियाणाच्या करनालचा निशांत देव २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक विजेता ठरला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झाला. पुढच्या ऑलिम्पिकची चार वर्षे वाट पाहण्याऐवजी त्याने मॅचरूम या ब्रिटिश प्रवर्तक कंपनीशी करार केला आणि २५ जानेवारी २०२५ रोजी लास वेगासमध्ये पहिल्याच फेरीत विजय मिळवून व्यावसायिक पदार्पण केले. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. विजेंदर त्या वयाचा असताना त्याच्याकडे ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धेची दोन पदके होती, पण भारतातून बाहेर पडणारी ही वाट तेव्हा रुळलेली नव्हती.